दऱ्या की दर्या?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कवी. त्यातून बी.ए., तेही मराठी घेऊन. कंप्युटरवर मी बोलणार आहे हे कळलं तेव्हा पहिलं हसू आमच्या घरातच झालं. पण खरं सांगतो, गेली पंचवीस वर्षं कवितेखालोखाल माझा जीव कशात रमला असेल, तर तो या डब्यात. कल्याणच्या आमच्या खोलीत पहिला कंप्युटर आला तो जोडलेला. लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून एका ओळखीच्या मुलाने तो उभा केला होता. त्याचं झाकण मी कधीच नीट बसवलं नाही. सारखं उघडावंच लागतं, तर स्क्रू घट्ट कशाला करायचे?

आज मी मराठी अक्षर आणि कंप्युटर यांच्या संसाराबद्दल बोलणार आहे. त्यासाठी आधी एक पूर सांगावा लागेल.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्याच दिवशी उल्हास आणि वालधुनी या आमच्या नद्यांनी काय केलं, ते कल्याण-बदलापूरकरांना विचारा. आमचं घर तळमजल्यावर, खाडीकडच्या बाजूला. पाणी आलं तेव्हा आम्ही गादी वाचवली, रेशनकार्ड वाचवलं, अम्मीची औषधं वाचवली. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत माझ्या कवितांच्या वह्या होत्या, त्यांची आठवण झाली तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं. शाईच्या पेनाने लिहिलेल्या वह्या. पाणी ओसरल्यावर पेटीत निळसर लगदा निघाला.

मी मात्र फार रडलो नाही. कारण त्यातल्या एकशे बारा कविता मी कंप्युटरवर टाइप करून ठेवल्या होत्या आणि त्यांची एक सीडी ठाण्याला, मी मुद्रितशोधक म्हणून काम करत होतो त्या छापखान्याच्या कपाटात होती. ती कोरडी होती, शाबूत होती. पुढे २००९ साली संग्रह काढायचं ठरलं, म्हणून नव्या कंप्युटरवर ती सीडी लावली. फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, पौंडाची चिन्हं, उलटेसुलटे स्वल्पविराम आणि मधूनच एखादा कंस यांची खिचडी. वही भिजली तर कळतं तरी की भिजली. इथे सगळं जागच्या जागी होतं आणि एक अक्षरही वाचता येत नव्हतं.

असं का झालं, ते समजून घेणं अवघड नाही. कंप्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी 'ए' म्हणजे ६५, 'के' म्हणजे ७५, हे अमेरिकेत १९६०च्या दशकातच ठरून गेलं. मराठीचं तसं काही सर्वमान्य होण्याआधीच आपल्याकडे छपाईला कंप्युटर आले. जुन्या पद्धतीत एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं. आता आपली देवनागरी बघा. स्वर, व्यंजनं, काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांच्या पुढ्यात किती खण असत ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही अडचण लगेच कळेल. मग फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजीच्या घरात मराठी भाडेकरू ठेवले. ७५ नंबरच्या घरावर पाटी 'के'चीच, आत बसला आहे आपला एखादा काना किंवा अर्धा 'म'. कंप्युटरला शेवटपर्यंत वाटत राहतं की हा माणूस इंग्रजीच लिहितोय. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रावर असेल तोवर पडद्यावर सुरेख मराठी दिसते. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो आणि खालचं इंग्रजी उघडं होतं.

बरं, प्रत्येक कंपनीने भाडेकरू आपापल्या मर्जीने बसवले. एकाच्या 'क'च्या जागी दुसऱ्याचा 'ळ'. त्यामुळे ठाण्याच्या छापखान्यातला मजकूर डोंबिवलीच्या छापखान्यात उघडत नसे. एका दिवाळी अंकाचं काम मी पाहिलंय, त्यातला अर्धा मजकूर दोनदा टाइप करावा लागला होता, केवळ दोन दुकानांचे फॉन्ट वेगळे म्हणून. माझ्या फाइलचा फॉन्ट कोणाचा होता, ते सांगत नाही. त्या काळात सगळ्यांचंच असं होतं, आणि त्या लोकांनी ती युक्ती केली नसती तर त्या वर्षांत मराठी पुस्तकं डीटीपीवर निघालीच नसती, हेही तितकंच खरं.

सरकारने प्रयत्न केला नव्हता असं नाही. सर्व भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची एक समान आकडेपद्धती १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. पुण्याची सी-डॅक संस्था १९८८ची, तिच्या 'जिस्ट' तंत्राचं काम याच पायावर होतं. त्याआधी, १९८६ साली 'इन्स्क्रिप्ट' हा कीबोर्ड ठरला होता. पण छपाईच्या धंद्याला सुंदर वळणाची अक्षरं हवी होती, तीही उद्या सकाळी. मानक बाजूला राहिलं.

आणि मग युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि देवनागरीची मांडणी त्यांनी आपल्या इस्कीवरूनच घेतली, हे सांगताना मला आजही बरं वाटतं. कल्पना साधी आहे. जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, कायमचा क्रमांक. कोणी कोणाच्या घरात भाडेकरू नाही. देवनागरीला मिळाली २३०४ ते २४३१ ही १२८ घरं. 'अ' २३०९, 'क' २३२५, आपला लाडका 'ळ' २३५५. जोडाक्षरांना वेगळी घरं नाहीत. 'क', पाय मोडल्याची खूण आणि 'ष' एवढंच लिहायचं, 'क्ष'ची आकृती फॉन्टने तयार करायची. म्हणजे काय लिहिलंय आणि ते कसं दिसतंय या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. फॉन्ट बदला, वळण बदलेल, शब्द तोच राहील.

विंडोज २०००मध्ये हे युनिकोड मराठी आलं, सोबत 'मंगल' नावाचा फॉन्ट. या फॉन्टला नावं ठेवणं ही आपल्याकडे एक फॅशन होती. जाडाभरडा आहे, कागदावर शोभत नाही, वगैरे. कागदाचं सोडा. त्या काळातल्या ढबूल्या मॉनिटरवर बारीक आकारात मात्रा आणि अनुस्वार वेगळे दिसणं हे किती कठीण काम होतं, ते मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला विचारा. 'मंगल' घडवणारे र. कृ. जोशी आयआयटी मुंबईत शिकवत, सुलेखन करत आणि कविताही लिहीत. २००८ साली ते गेले. आज मी मोबाइलवर मराठी वाचताना डोळे ताणत नाही, त्यात एका कवीचा हात आहे. आपली जात अगदीच निरुपयोगी नाही.

पण हे घराघरांत पोचायला वर्षं लागली. विंडोज एक्सपीमध्ये मराठी होती, पण झाकलेली. नियंत्रण कक्षात जाऊन एका चौकटीत खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. आता कल्याण-डोंबिवलीत जोडलेल्या यंत्रांसोबत मूळ सीडी किती जणांकडे होती, ते श्रोत्यांना मी सांगायला नको. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, महाराष्ट्रदिनी. तेव्हा ज्यांनी त्यात लिहायला घेतलं, ते घरच्या यंत्रात मराठी बसवण्याचा हा सगळा व्याप करून लिहीत होते. मी मात्र तेव्हा जुन्याच फॉन्टात कविता टाइप करत होतो. सुंदर दिसायची ना!

तर ती सीडी. फॉन्ट बदलणारी सॉफ्टवेअरं मिळत होती, दोन वापरून पाहिली. पाऊणएक मजकूर मराठी झाला, उरलेल्यात मात्र गोंधळ. 'सह्याद्री'चं 'साद्री' झालं, 'बाह्य'चं 'बा'. पुढे कारण कळलं. माझ्या फॉन्टात 'ह्य' ज्या घरात बसला होता, ते घर होतं १७३. कंप्युटरच्या लेखी १७३ म्हणजे ओळ तोडायची वेळ आलीच तर दाखवायची, एरवी अदृश्य राहणारी संयोगरेषा. मजकूर इकडून तिकडे नेताना बरीच सॉफ्टवेअरं अशी अदृश्य चिन्हं खुशाल गाळतात. माझे 'ह्य' तसेच गळून गेले.

मग मी एक दोनशे पानी वही घेतली. डाव्या रकान्यात फाइलमधलं इंग्रजी चिन्ह, उजव्यात त्याचं मराठी. कोणत्या चिन्हामागे कोण बसलंय, हे पाठ असलेल्या कवितांवरून ओळखायचं. शब्दकोड्यासारखं. काही ठिकाणी अर्थावरून लागायचं, काही ठिकाणी वृत्तावरून. मग 'शोधा आणि बदला' असं एकेक चिन्हासाठी, जवळपास दोनशे वेळा. त्यात क्रम चुकला तर सगळंच बिघडतं. दोन चिन्हांची जोडी आधी बदलायची, सुटं चिन्ह मागाहून.

सगळ्यात जास्त छळलं पहिल्या वेलांटीने. जुन्या फॉन्टात जे डोळ्यांना आधी दिसतं ते आधी टाइप करायचं. म्हणजे 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग 'क'. टाइपरायटरची सवय. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो, आधी 'क' मग वेलांटी. रफाराचं बरोबर उलट. जुन्यात 'धर्म'मधला रफार 'म'नंतर, युनिकोडात 'र' 'म'च्या आधी, जसा आपण तो बोलतो तसा. आता प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या पलीकडे ठेवायची, आणि पुढे जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे. हाताने करणं अशक्य. मुंब्र्याहून भाचा आला, त्याने रात्रभर बसून त्यासाठी वीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पहाटे तीनला 'मामू, झालं' म्हणाला. एकशे बारा कवितांतली प्रत्येक वेलांटी आपापल्या जागी गेली होती.

मी खूश होऊन कविता वाचायला लागलो आणि माळशेजवरच्या एका गझलेत अडखळलो. मूळ शब्द होता 'दऱ्या'. घाटातल्या. पडद्यावर 'दर्या'. समुद्र! माळशेजच्या घाटात समुद्र आला होता. अर्थाचं एकवेळ मी चालवून घेतलं असतं, कवीला समुद्र कुठेही चालतो. पण ओळ लंगडत होती. 'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, तो गुरू होतो, शब्द चार मात्रांचा. 'दऱ्या' म्हणताना 'द'वर आघात नाही, तो लघूच राहतो, शब्द तीन मात्रांचा. एक मात्रा जादा झाली होती. व्याकरणात आपण 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे उदाहरण शिकतो आणि हसून सोडून देतो. इथे त्या इवल्याशा डोळ्याच्या पापणीसारख्या 'र'ने वृत्त मोडलं होतं.

झालं होतं असं. हा पापणीवाला 'र' युनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे साधा 'र', पाय मोडल्याची खूण, आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचं एक अदृश्य चिन्ह, ज्याचं काम एवढंच की 'बाबा, इथे रफार करू नकोस.' दुसरी तऱ्हा म्हणजे 'ऱ' हे २३५३ क्रमांकाचं स्वतंत्र अक्षर वापरणं. माझ्या मजकुरात पहिली तऱ्हा आली होती, आणि अदृश्य चिन्ह पुन्हा वाटेत गळालं होतं. ते गळालं की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, 'सुऱ्या'चा 'सुर्या'. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की मराठी लिहिणाऱ्याने 'ऱ' हे अक्षर वापरावं. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर 'र' जिथे आहे तिथेच, शिफ्ट दाबून. एका बोटाचं काम.

इन्स्क्रिप्टचा विषय निघालाच आहे तर माझं मत सांगून टाकतो, पुष्कळांना आवडणार नाही. रोमनमध्ये 'डी ए आर वाय ए' असं ठोकून मराठी उमटवणं सोयीचं आहे, मीही निरोप तसे पाठवतो. पण त्यात शब्द यंत्र निवडतं. तुम्ही दऱ्या म्हणा की दर्या, इंग्रजी अक्षरं तीच, आणि यंत्र जे अधिक वेळा पाहिलंय ते पुढे करतं. कवितेत हे चालणार नाही. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला की हात बसतो. मी चाळिशीत शिकलो. पूर्वी स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासमध्ये मिनिटाला तीस शब्दांच्या मराठी परीक्षेसाठी मुलं-मुली सहा-सहा महिने जात, त्यापुढे हे काहीच नाही.

बाकी यंत्राबद्दल थोडक्यात. नवा कंप्युटर घेताना लोक वेगाचे आकडे विचारतात. लिहिणाऱ्या माणसाला तेवढ्या वेगाची गरज नाही. चांगला कीबोर्ड घ्या, आणि विजेच्या बाजूवर पैसे खर्च करा. भारनियमनाच्या दिवसांत आमच्याकडे वीज गेल्यापेक्षा ती परत येतानाच्या झटक्याने जास्त यंत्रं दगावली. सीडी कायमची म्हणून जपू नका, आमच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते. पेनड्राइव्ह खिशात ठेवायला ठीक, वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला नाही. प्रत दोन ठिकाणी ठेवा, आणि ती दोन ठिकाणं एकाच नदीच्या काठी नकोत. माझी एक प्रत आता मुंब्र्याला बहिणीकडे असते. तिचं घर डोंगराच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर.

आणि जागेची कंजुषी करू नका. साध्या युनिकोड फाइलमध्ये मराठीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, इंग्रजीचं एक. यावरून पूर्वी फार कुरकुर व्हायची. पण हिशोब करा. जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीतही मराठीची चार लाख नव्वद हजार चिन्हं मावतात. काना-मात्रा धरून एका कवितेची पाचशे चिन्हं म्हटली, तरी नऊशेहून जास्त कविता. एवढ्या चांगल्या कविता कोणाला सुचल्यात? अडचण व्हायची ती एसएमएसमध्ये. इंग्रजीला १६० अक्षरं, मराठीला ७० चिन्हं. दोन ओळींचा शेर त्यात जेमतेम बसे, तखल्लुस घातलं की दुसऱ्या एसएमएसचे पैसे.

ही दुखणी आपलीच आहेत असंही नाही. आमच्या घरात अब्बा उर्दू वाचत, मी मराठी शाळेत गेलो. भिवंडीतले उर्दू छापखाने मी लहानपणापासून पाहिलेत, कातिब मांडीवर फळी घेऊन पानंच्या पानं हाताने लिहीत. उर्दूचं नस्तालीक वळण तिरपं उतरतं, अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं. ते यंत्रावर आणण्यासाठी मिर्झा अहमद जमील यांनी शब्दांचे हजारो तुकडे हाताने लिहिले, त्यातून 'नूरी नस्तालीक' झालं आणि १९८१ साली लाहोरच्या 'जंग' दैनिकाने ते वापरलं. पुढे १९९४ साली आपल्याच देशात 'इनपेज' हे सॉफ्टवेअर तयार झालं आणि उर्दूचा कारभार, लग्नपत्रिकांपासून दैनिकांपर्यंत, त्यावर चालू लागला. त्याच्या जुन्या फाइलींचंही तेच, आतली आकडेपद्धती त्यांची स्वतःची. म्हणजे अब्बांची लिपी उजवीकडून निघाली, माझी डावीकडून, आणि दोघी एकाच खड्ड्यात भेटल्या.

माझा संग्रह निघाला २०११ साली. एकशे बारापैकी एकशे नऊ कविता पूर्ण सापडल्या. तिघींत एकेक शब्द लागला नाही, त्या मी घेतल्या नाहीत. नवा शब्द घालता आला असता, पण तिशीतल्या माणसाच्या ओळीत चाळिशीतल्याचा शब्द ठिगळासारखा दिसतो.

ती वही मात्र अजून कामाला येते. डोंबिवलीच्या एका निवृत्त बाईंनी त्यांच्या यजमानांचं, नाट्यसंगीतावरचं अप्रकाशित लेखन आणलं होतं. यजमान हयात नाहीत, फाइल उघडत नाही. फॉन्ट माझाच निघाला, चार रविवारांत झालं. ठाण्याच्या एका वाचनालयाची जुन्या पुस्तकांची यादी आली, तिचा फॉन्ट वेगळा, म्हणजे नवी वही. अशा वह्या आता चार झाल्यात. गेल्या महिन्यात भिवंडीहून एकजण वडिलांच्या गझलांची इनपेजची फाइल घेऊन आला. तिच्यासाठी पाचवी वही घेतली आहे. तीत मूळ चिन्हांचा रकाना उजवीकडे आखलाय. अलिफ, बे आणि लाम सापडलेत, नूनवर अडलो आहे.